मी मारलेली म्हातारी

एका धडधाकट म्हातारीला मी मारून टाकलं. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं वाचायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल. म्हातारी सिनेमातली होती. सिनेमा करणाऱ्यानं तिला शेवटपर्यंत जिवंत ठेवली होती, जिवंत आणि चांगली खिदळती. मी पुढच्या खोलीत बसून मिरच्यांचे देठ खुडता खुडता दोन वाक्यांत तिचा निकाल लावला. पडद्यावर ती हसत होती आणि इकडे मी तिला पांढऱ्या चादरीत गुंडाळत होते.

ऐकणारी होती जिजी, माझी मोठी जाऊ. नंदुरबारात आमचं घर एक, भाग दोन, मधे अंगण. दोघींचेही नवरे पुढं गेले, मुलं नोकरीधंद्याला बाहेर पडली, आणि एवढं घर आम्हा दोघींना भांडायला मोकळं मिळालं. जिजीला काचबिंदू. या आजारात नजर समोरून जात नाही, कडेनं जाते. समोर उभं राहिलेलं माणूस तिला दिसे, पण बाजूनं आलेली मांजर दिसत नसे. टीव्हीवर तिला रंग आणि हालचाल कळायची. खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी वाचण्याचा प्रश्न नव्हता. त्या तिला डोळे चांगले असतानाही वाचता आल्या नसत्या. म्हणून त्या मी वाचायचे आणि तिला आमच्या अहिराणीत सांगायचे.

हे खूळ नातीचं. ती नाशिकला शिकते. एका सुट्टीत तिनं माझ्या टीव्हीत जगभरचे सिनेमे लावायची सोय करून दिली आणि म्हणाली, "आजी, आता तू मालिका बघणं सोड." मी सोडलं. तेव्हापासून कोरियाचा पोलीस असो की इराणचा शाळामास्तर, आमच्या घरात तो अहिराणीच बोलतो. फ्रान्सच्या एका बाईनं नवऱ्याला सोडून जाताना जेवणाच्या टेबलावर भलंमोठं भाषण केलं. मी ते "माले तुन्हा कटाया उना" एवढ्यात बसवलं. तुझा कंटाळा आला मला, बस्स.

जिजी म्हणाली, "इतलंच? ती तं कव्हयनी बोली ऱ्हायनी."

"बाकीचं तेच तेच शे," मी म्हटलं.

बाकीचं तेच तेच नव्हतं. बाकीच्या ओळी माझ्या वाचण्याआधी निघून गेल्या होत्या. पण मला येत नाही हे मी जिजीपुढं कबूल करणं शक्यच नव्हतं.

आता इतके सिनेमे पाहिल्यावर मला मतं झाली नसती तरच नवल. नातीनं मला गावातल्या थेटरात एका मोठ्या हिंदी सिनेमालाही नेलं होतं. कानांत कापूस घालून बसले. तीन तास एक दाढीवाला नुसता चालत होता, तोही सावकाश, मागे धूर सोडून. चालता चालता त्यानं जितकी माणसं लोळवली तितके आमच्या वॉर्डात मतदार नसतील.

"आजी, कसा वाटला?" नातीनं बाहेर आल्यावर विचारलं.

"दाढी छान होती."

"आजी!"

"मग काय सांगू? शेवट तरी होता का त्याला? म्हणे पुढच्या भागात. तीन तास बसवून घेतलं आणि पुढच्या वर्षी या म्हणून हाकललं."

रक्ताबद्दल तर मला कुणी शिकवू नये. आमच्या सासऱ्यांची मिरची वाळवायची पथारी होती. आयुष्य लाल रंगात गेलं माझं. डोंगराएवढ्या ढिगाचा ओला लाल, उन्हात चार दिवस पडलेला लाल, गोणीतला काळपट लाल, सगळे ओळखते मी. त्या सिनेमातलं रक्त म्हणजे सरबत होतं. शिवाय हल्लीच्या या मोठ्या सिनेमांत म्हातारी बाई दोनच कामांसाठी ठेवतात. आधी हिरोला शिरा भरवायला आणि मग मरायला, म्हणजे हिरोला पेटून उठायला कारण मिळावं. नातीला मी म्हटलं सुद्धा, "आमच्या वयाच्या बाया या लोकांना काडेपेटीसारख्या लागतात. पेटवायचं आणि टाकून द्यायचं." नातीला हे इतकं आवडलं की तिनं ते मैत्रिणींना पाठवलं. मी भाव खाल्ला. तो भाव आता घशाशी येतो.

परदेशी सिनेमांची गत वेगळी. त्यांत काही घडतच नाही. जपानचा एक म्हातारा भात शिजवतो, तर पूर्ण भात शिजेपर्यंत आपण बसायचं. मी जिजीला सांगितलं, "भात शिजी ऱ्हायना." थोड्या वेळानं तिनं विचारलं, मी म्हटलं, "आजून शिजी ऱ्हायना." आणि शेवट म्हणाल तर एखादी बाई रस्त्यानं चाललेली असते, चाललेली असते, आणि एकदम काळं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा जिजीनं हात वर करून पंख्याचा वारा लागतो का ते पाहिलं आणि म्हणाली, "लाईट गयी का?"

पण सिनेमा कसा पारखायचा हे मला जिजीनंच शिकवलं. दिसत नसल्यानं ती कान लावून बसायची. दाढीवाल्यांचे सिनेमे तिला नकोच असत. "ढोल वाजीसन डोकं उठनं मन्हं," म्हणायची. आणि त्या भातवाल्या सिनेमात मात्र ती मधेच हसली. म्हाताऱ्यानं झाकण ठेवलं होतं आणि ते वाफेनं थडथडत होतं. "त्यानं झाकन वाकडं शे," ती म्हणाली. मी पाहिलं तर होतंच वाकडं. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. ज्या सिनेमात माणसांची पावलं ऐकू येतात तो बरा. ज्यात पावलांवरही वाजंत्री वाजवलेली असते, त्यातल्या लोकांना सांगण्यासारखं काही नसतं.

तर हे खोटं बोलायचं वळण मला कुठं लागलं? तरुणपणी, आणि तेही जिजीच्याच सोबतीनं. सासूबाई आम्हा दोघी सुनांना दुपारच्या खेळाला जाऊ द्यायच्या, पण दिवे लागायच्या आत घरात पाहिजे, ही अट. खेळ सुटायच्या आधीच आम्ही उठायचो. माझ्या तरुणपणी पाहिलेल्या एकाही सिनेमाचा शेवट मला माहीत नाही. सगळ्या हिरॉइनी माझ्या लेखी अजून कुणाच्या तरी तावडीत अडकलेल्या आहेत. घरी परतताना जिजी विचारायची, "आते काय व्हई?" आणि मी भरभर चालत, धापा टाकत, शेवट करायचे. खलनायकाचा शर्ट आवडला असेल तर त्याला सुधारून टाकायचे. एकदा नाचणारणीची साडी मला इतकी पसंत पडली की हिरोचं लग्न मी तिच्याशीच लावलं आणि खऱ्या हिरॉइनीला नर्स करून पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी हेच सगळं पथारीवर, देठ खुडणाऱ्या बायांना. काय रुबाब होता माझा! मी मिरचीच्या ढिगाजवळ उभी, हातवारे करते आहे, आणि बाया हातचं काम टाकून माझ्याकडं टक लावून बघतायत. आपण बोलायला लागलो की माणसं पुतळे होतात अशी माझी समजूत झाली होती. शेवटी त्यांच्यातली एक म्हणाली, "वहिनी, तुम्हना पदर मिरचीमां लोळी ऱ्हायना कव्हयना. सांगाले जमी नही ऱ्हायनं, तुम्ही थांबतसच नही." त्या रात्री खांद्याची आग आग झाली. पण माझ्यातल्या त्या बावळट पोरीला अक्कल आली का? नाही. पुढच्या सिनेमाला पदर खोचून उभी राहिली एवढंच.

पण एक होतं. तेव्हा शेवट माझ्या पदरचा आहे हे जिजीला ठाऊक असायचं. आम्ही दोघीही अर्ध्यातून उठून आलेल्या. ती मुद्दाम माझ्याकडून बनवून घ्यायची. आता ती समोर बसलेली असते, सिनेमा पूर्ण चाललेला असतो, आणि तरी शेवट फक्त मलाच दिसतो, ही गोष्ट निराळी. हा फरक मला त्या दिवशी कळत नव्हता असं म्हणायला मला फार आवडलं असतं. कळत होता.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. जिजीचा मुलगा सुरतला कापडाच्या धंद्यात आहे. त्यानं तिथं डोळ्यांचा चांगला डॉक्टर गाठला होता. डॉक्टरचं म्हणणं, गेलेली नजर परत येणार नाही, पण आहे ती राखता येईल; लवकर आणा, ऑपरेशन करू, आणि नंतर वरचेवर दाखवायला लागेल, तेव्हा इथंच राहू द्या. म्हणजे जिजीनं कायमचं सुरतला जायचं. पुतण्या रोज फोन करायचा. जिजी रोज म्हणायची, "दखू." तिचं मन होत चाललं होतं. तिच्या मागं मी या घरात कुणाशी भांडणार होते? कुणाला भात शिजतोय म्हणून सांगणार होते?

नात सुट्टीवर आली होती. वर्षाची मिरची आणलेली, पुढच्या खोलीत चादरीवर ढीग, दार सताड उघडं, हातांना तेल लावून आम्ही तिघी देठ काढत बसलेल्या. टीव्हीवर तो सिनेमा. डोंगरातल्या खेड्यात एक विधवा म्हातारी, चार कोंबड्या, आणि शेजारीण. मुलगी येते आणि म्हातारीला शहरात घेऊन जाते. उंच इमारत. लिफ्टच्या आवाजानं तिला झोप येत नाही. इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं आणि मी इमानदारीनं सांगत होते. जिजीचे हात थांबले होते.

मग त्या म्हातारीला खाली बागेत दुसऱ्या म्हाताऱ्या भेटल्या. व्यायाम करणाऱ्या, पत्ते खेळणाऱ्या, एकमेकींना चिडवणाऱ्या. शेवटी ती त्यांच्यात बसून खो खो हसतेय आणि वर तिच्या खोलीत फोन वाजतोय. गावाकडच्या शेजारणीचा. शेजारीण कोंबड्यांना दाणे टाकत कानाला फोन लावून उभी आहे. वाजतोय, वाजतोय, काळं.

जिजीनं विचारलं, "मंग? काय व्हयनं?"

मी त्या काळ्या पडद्याकडं बघत म्हटलं, "मरी गयी. एकलीच, खिडकीजवळ बशीसन. कोनलेच समजनं नही."

जिजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं. मिरचीच्या हातानं. मग जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. नात पाणी आणायला धावली, मी दुधात फडकं भिजवून तिच्या डोळ्यांवर धरलं. ज्या डोळ्यांना राखायचं होतं त्यांच्यावर. ती तळमळत होती आणि तशातही म्हणत होती, "बिचारी व, बिचारी." मी फडकं बदलत राहिले. खरं सांगायला याहून चांगली वेळ नव्हती आणि मी फडकं पिळत बसले.

संध्याकाळी नात मला ओट्यावर गाठून म्हणाली, "आजी, ती मेली कुठं?"

"तुझं लक्ष होतं का सिनेमात? तू मोबाईल बघत होतीस."

"आजी, माझं लक्ष होतं."

"मग आता नको देऊ," मी म्हटलं. ती दोन दिवसांनी नाशिकला गेली, जाताना पाया पडली, पण नेहमीसारखी गळ्यात पडली नाही.

त्या सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी जिजीनं मुलाला फोनवर सांगितलं होतं, "मी नही येवाव. माले मन्हा घरमां मरू दे." मी तिच्या बाजूलाच बसले होते. मला आनंद झाला. हे लिहिताना हात अडतो, पण झाला. पथारीवर पदर मिरचीत सोडून उभी राहिलेली ती टाळ्यांची भुकेली पोरगी अजून माझ्यात तशीच होती. आपल्या गोष्टीनं माणूस हललं की तिला दुसरं काही दिसत नाही. आणि त्या दाढीवाल्या सिनेमांना मी ज्यासाठी नावं ठेवली, तेच मी केलं होतं. एका म्हातारीला जागचं हलू द्यायचं नाही म्हणून दुसरी मारली होती.

हिवाळा गेला, होळी झाली, पाडवा झाला. आम्ही सिनेमे बघत राहिलो. मी प्रत्येक सिनेमात ते सांगायची जागा शोधायचे आणि प्रत्येक सिनेमा संपला की उद्या म्हणायचे. पुतण्याचे फोन कमी झाले. एका दुपारी जिजी चहा बशीत ओतत होती. बशी समोर होती, धार शेजारी पडत होती, सावकाश, नीट, चादरीवर. तिला ते कळलं नाही. तिनं रिकामी बशी तोंडाला लावली, मग खाली ठेवली, आणि मला कळू नये म्हणून घोट घेतल्यासारखा आवाज केला.

त्याच संध्याकाळी मी तो सिनेमा पुन्हा लावला. कोंबड्यांचा आवाज आला तशी ती म्हणाली, "हाऊ तं त्या मरेल म्हतारीना शे ना? काबरं लावस परत?"

"आयक," मी म्हटलं.

या वेळी मी एक ओळ सोडली नाही. जिथं वाचायला उशीर झाला तिथं थांबवून वाचलं. बागेतल्या बाया आल्या, पत्ते आले, चिडवाचिडवी आली. जिजी एकदोनदा हसली सुद्धा. मग फोन वाजायला लागला.

"जिजी, ती मरस नही," मी म्हटलं. "हासस. वर फोन वाजी ऱ्हायना, तिले आयकू येत नही."

"कोना फोन?"

"गावनी शेजारीनना."

फोन वाजायचा थांबला. खोलीत आम्ही दोघी आणि ते काळं. ती म्हणाली, "तू तिले काबरं मारी टाकं?"

कारणं मी पुष्कळ तयार ठेवली होती. इंग्रजी ओळी भरभर जातात, डोळे माझेही म्हातारे झालेत. ती सगळी बाजूला पडली आणि मी म्हटलं, "तू सुरत चालनी जाशी म्हनीसन."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आम्हाला भांडायची सवय आहे, भांडण कसं संपवायचं ते येतं. ती उठली, भिंतीला हात लावत अंगण ओलांडून आपल्या भागात गेली आणि आतून कडी लावली. इतक्या वर्षांत त्या दाराला कडी लागल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पावलं ऐकू आलेला सिनेमा बरा, असं मी म्हणते ना? तिची पावलं मी कडीपर्यंत ऐकली.

सकाळी तिनं माझ्याकडूनच मुलाला फोन लावून घेतला आणि म्हणाली, "ये, लई जाय माले."

ऑपरेशन झालं. एका डोळ्यात काही राहिलं नव्हतं, दुसऱ्यात थोडा उजेड राखता आला. पुतण्यानं मला फोन केला. "डॉक्टर म्हणाले, पाडव्याच्या आधी आणलं असतं तर बराच फरक पडला असता. पण काकू, तुम्ही समजावलं म्हणून निदान आली तरी. नाहीतर ती कुणाचं ऐकते? तुमचे उपकार आहेत."

जिजीनं त्याला काही सांगितलेलं नव्हतं. मी "हं" म्हटलं. तेही खोटंच झालं.

त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन आला नाही आणि करायची माझी हिंमत झाली नाही. मग एका रविवारी दुपारी आला. तब्येत, हवा, मिरचीचा भाव, सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आठे सुरतमां पोरं टीव्ही लायी देतस, पन सांगत कोनीच नही. काय दखी ऱ्हायनी तू?"

मी एक सिनेमा लावलेला होता. समुद्रकाठचा एक माणूस बापाची मोडकी नाव दुरुस्त करत असतो. मी टीव्हीचा आवाज वाढवला, फोन मांडीवर ठेवला आणि सांगायला लागले. फळी ठोकतोय म्हटलं, डांबर लावतोय म्हटलं. बायको रागावली, निघून गेली, परत आली. नाव तयार झाली. मला फार वाटलं, त्याला समुद्रात पाठवावं, एखादं वादळ आणावं, निदान एक मासा तरी गवसू द्यावा. शब्द अगदी ओठांवर आले होते. मी ते गिळले आणि म्हटलं, "नाव दुरुस्त व्हयनी, जिजी. पन तो गयाच नही. काठवर बशी ऱ्हायना. सरना सिनेमा."

पलीकडं सुरतच्या रस्त्याचे हॉर्न वाजत होते. मग जिजी म्हणाली, "खरं सांगस तं तुन्हा सिनेमा भलता बेचव लागस, धाकली. पन खरंच सांग. आते माले नुसतं आयकू येस."